चालता-बोलता माणूस आणि मोडलेला दुसरा मणका : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

मानेच्या दुसऱ्या मणक्याविषयीचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन वेगवेगळ्या गटांतून आला. तिसऱ्यांदा तो पाठवणारे गृहस्थ माझ्याच एका रुग्ण आजींचे चिरंजीव होते, आणि आजींचा नेमका हाच मणका त्या वेळी मोडलेला होता, म्हणून त्याला सविस्तर लेखी उत्तर देणे मला आवश्यक वाटले. संदेशाचा आशय थोडक्यात असा आहे : हा मणका म्हणजे ‘प्राणाचा खिळा’, तो मोडला की माणूस जागच्या जागी मरतो, फाशीत हेच घडते. त्यामुळे पडल्यावर किंवा अपघातानंतर जो स्वतःच्या पायांनी चालतो, त्याच्या मानेला काही झालेले नसते. एक्स-रे साधा आला तर प्रश्नच मिटला. मान धरली असेल, चक्कर येत असेल, डोके मागून दुखत असेल, तर हा मणका ‘सरकलेला’ असतो. जाणकाराकडून झटका देऊन तो बसवून घ्यावा आणि ‘कट्’ असा आवाज आला की मणका जागेवर आला असे समजावे. शेवटी एक इशाराही दिलेला आहे, की या जागी ऑपरेशन केले तर हमखास लकवा होतो.

या मजकुरातले प्रत्येक वाक्य निखालस खोटे नाही आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. पण बाकीचे सारे ज्या पायावर उभे आहे, ती ‘मोडला की मेला’ ही समजूतच चुकीची आहे. हा मणका मोडल्यावर माणूस जागीच दगावतो असे कधी कधी घडते, हे खरे. मात्र रुग्णालयात पोहोचणाऱ्या रुग्णांपुरते बोलायचे, तर हा मणका मोडूनही माणूस चालत राहतो, बोलत राहतो, घरची कामे करतो, आणि तपासणीचे सर्वांत मोलाचे दिवस त्यातच निघून जातात, हा त्याचा खरा धोका आहे.

मुद्द्यांकडे वळण्यापूर्वी त्या हाडाची रचना पाहावी लागेल, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यातूनच निघतो. हे लिहिताना माझ्या टेबलावर दुसऱ्या मणक्याचे हाड आहे. ते तळहातावर सहज मावते. वरच्या बाजूला त्याच्यातून एक उभे टोक निघालेले आहे, साधारण दीड सेंटिमीटर उंचीचे, करंगळीच्या टोकाएवढे. त्याच्या पुढच्या अंगाला बोट फिरवले तर एक गुळगुळीत लंबगोल ठिकाण लागते, मागच्या अंगाला एक आडवी उथळ खाच लागते, आणि ज्या ठिकाणी हे टोक मणक्याच्या भरीव भागाला जुळते तिथे ते किंचित बारीक झालेले दिसते. मागच्या बाजूचे टोक जाडजूड आणि गाईच्या खुरासारखे दुभंगलेले आहे. ते आपल्याला स्वतःच्या मानेतही चाचपता येते : डोक्याच्या मागच्या उंचवट्यावरून बोट मधोमध खाली सरकवत आणले, की हाडाची जी पहिली ठसठशीत गाठ लागते ती याच मणक्याची असते.

पहिल्या मणक्याला ॲटलास आणि दुसऱ्याला ॲक्सिस म्हणतात. ॲटलास हे नुसते कडे आहे. इतर मणक्यांना असतो तसा वजन पेलणारा भरीव भाग त्याला नसतोच. गर्भावस्थेत जो भाग वास्तविक पहिल्या मणक्याचा व्हायचा, तो खालच्या मणक्याला जाऊन जुळतो आणि त्याच्या डोक्यावर उभा राहतो. तेच हे टोक. त्याला डेन्स म्हणतात आणि लॅटिनमध्ये डेन्स म्हणजे दात. ॲक्सिस म्हणजे आस. जात्याच्या खालच्या तळीत रोवलेल्या खिळ्याभोवती वरची तळी फिरते, त्याप्रमाणे ॲटलासचे कडे आणि त्यावर टेकलेले डोके या दाताभोवती फिरते. मात्र जात्याचा खिळा मधोमध असतो आणि हा दात कड्याच्या पुढच्या कमानीला लागून उभा असतो. त्याच्या मागून एक मजबूत आडवा अस्थिबंध (हाडांना हाडाशी बांधणारा तंतूंचा बंध, लिगामेंट) पट्ट्यासारखा ताणलेला असतो (मघाची उथळ खाच त्याचीच), आणि त्या पट्ट्याच्याही मागून मज्जारज्जू खाली उतरतो. आपण ‘नाही’ म्हणून मान हलवतो ती हालचाल मुख्यतः इथे होते. मानेच्या एकूण फिरण्यापैकी सुमारे निम्मे या एकाच जोडावर अवलंबून असते. एवढी मोकळीक मिळावी म्हणून या दोन मणक्यांमध्ये गादी नसते. ‘वरच्या दोन मणक्यांमधली गादी सरकली’ असे निदान कोणी सांगितले, तर जी वस्तू तिथे अस्तित्वातच नाही तिच्याविषयी ते बोलत आहेत एवढे ओळखावे.

आता पहिला दावा : ‘हा मणका मोडला की माणूस जागीच मरतो.’

या दाव्याच्या मुळाशी खरी गोष्ट इतकीच आहे, की या पातळीवर मज्जारज्जू चिरडला गेला तर श्वास थांबतो. श्वासपटलाला चालवणारी नस मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरून निघते. त्याच्या वर इजा झाली तर मेंदूचा आदेश तिथपर्यंत पोहोचतच नाही. ‘सुपरमॅन’ची भूमिका करणारे अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह मे १९९५ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात घोड्यावरून पडले, तेव्हा त्यांचे पहिले दोन मणके मोडले आणि मज्जारज्जूला इजा झाली. ते मानेखाली पूर्ण लुळे झाले आणि श्वासासाठी यंत्रावर अवलंबून राहिले. तरीही वेळेवर मिळालेला श्वास, स्थिर ठेवलेली मान आणि नंतरची शस्त्रक्रिया यांमुळे ते ऑक्टोबर २००४ पर्यंत, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळ जगले. म्हणजे या अगदी टोकाच्या उदाहरणातही ‘जागीच मृत्यू’ हा शब्द लागू पडत नाही.

पण बहुसंख्य रुग्णांत मज्जारज्जू चिरडलाच जात नाही, आणि त्याचे कारण जागेच्या मापात आहे. अमेरिकी अस्थिशल्यविशारद स्टील यांनी १९६८ साली एक सोपा हिशेब मांडला, जो आजही प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. ॲटलासच्या कड्याची आतली पुढून मागची लांबी साधारण तीन सेंटिमीटर असते. त्यातला एक तृतीयांश दाताने व्यापलेला, एक तृतीयांश मज्जारज्जूने व्यापलेला आणि एक तृतीयांश रिकामा असतो. पाठीच्या कण्याची नळी इथे सर्वांत ऐसपैस असते. त्यामुळे दात बुडाशी मोडला आणि काही मिलिमीटर सरकला, तरी मज्जारज्जूला बाजूला होण्यापुरती जागा मिळते. निसर्गाने ठेवलेली ही सवड माणसाला वाचवते आणि त्याच वेळी मोड लपवूनही ठेवते.

फाशीचा उल्लेख संदेशात फार ठसक्यात केलेला आहे, म्हणून त्याचा इतिहास थोडा विस्ताराने सांगतो. १९१३ साली फ्रेडरिक वूड जोन्स या शरीररचनाशास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात, रंगूनच्या तुरुंगात फाशी दिलेल्या कैद्यांच्या मणक्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. दोराची गाठ हनुवटीखाली ठेवली तर डोके एकदम मागे फेकले जाते आणि दुसऱ्या मणक्याची कमान दोन्ही बाजूंनी तुटून तिचा पुढचा भाग वेगळा होतो, असे त्यांनी दाखवले. पुढे १९६५ साली अमेरिकेत श्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वाहनांच्या अपघातातून आलेल्या जिवंत माणसांच्या एक्स-रेमध्ये अगदी तसाच मोड पाहिला आणि त्याला ‘हँगमन्स फ्रॅक्चर’ म्हणजे ‘फाशीगराचा मोड’ हे नाव प्रचलित झाले. नाव मृत्यूवरून पडले, पण ज्यांच्या निदानासाठी ते वापरले जाते ती माणसे बहुतांशी जिवंत असतात आणि त्यांचे हातपाय चालू असतात. यामागचे यांत्रिक कारण समजून घेण्यासारखे आहे. फाशीत हाड तुटल्यावर शरीराचे सगळे वजन खाली लोंबते आणि मज्जारज्जू ताणला जातो. अपघातात कपाळ काचेवर किंवा हनुवटी डॅशबोर्डवर आदळते, डोके मागे वळते आणि वरून दाब येतो. तुटलेल्या मणक्याचा पुढचा भाग पुढे सरकतो, कमान मागे राहते आणि मधली नळी अरुंद होण्याऐवजी रुंद होते. जी इजा फाशीत जीव घेते, तिचा उलटा परिणाम रस्त्यावर होतो. शिवाय फाशी गेलेल्यांचे सांगाडे पुढे तपासले गेले, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांत हा विशिष्ट मोड सापडला नाही; म्हणजे संदेशातला ‘फाशीत हेच घडते’ हा भागही सरसकट खरा नाही.

दुसरा दावा पहिल्यातूनच जन्मलेला आहे : ‘जो चालतो, बोलतो, मान हलवतो, त्याच्या मणक्याला काही झालेले नाही.’ सगळ्या संदेशात मला सर्वांत घातक वाटते ते हेच वाक्य.

सुरुवातीला उल्लेख केलेल्या आजींचे वय सत्तरीच्या पुढचे. मोरीत पाय घसरून त्या पुढे पडल्या आणि कपाळ बादलीच्या कडेवर आपटले. कपाळाला टेंगूळ आले, त्यावर हळद लावली, आणि त्या उठून स्वयंपाकाला लागल्या. मान दुखत होती, पण उसण भरली असेल असे सगळ्यांना वाटले. दोन दिवस तेल चोळून मालीश झाली. पाचव्या दिवशी त्या माझ्याकडे चालत आल्या, पायऱ्या चढून आल्या, खुर्चीत बसल्या, तेव्हा दोन्ही तळहात त्यांनी गालांखाली टेकवलेले होते. मी त्यांना तपासणीच्या टेबलावर आडवे केले आणि पुन्हा उठायला सांगितले. त्यांनी एक हात डोक्याखाली घातला आणि भरलेली कळशी उचलावी तसे स्वतःचे डोके आधी हाताने उचलले, मग बाकीचे अंग उठवले. डोके हातांनी सावरण्याची ही खूण वैद्यकात जुनी आहे. जर्मन शल्यविशारद रुस्ट यांच्या नावाने ती ओळखली जाते. एकोणिसाव्या शतकात एक्स-रे नसतानाही डॉक्टर तिच्यावरून वरच्या मणक्यांचा आजार ओळखत. आजींच्या हातापायांत पूर्ण ताकद होती, मुंग्या नव्हत्या. सीटी स्कॅनमध्ये दात बुडाशी आरपार मोडलेला दिसला.

अँडरसन आणि डी’अलोन्झो यांनी १९७४ साली दाताच्या मोडांचे तीन प्रकार केले, आणि तेच आजही वापरात आहेत. पहिल्यात टोकाचा तुकडा निघतो. तो क्वचितच दिसतो. तिसऱ्यात मोड खाली मणक्याच्या भरीव, भुसभुशीत हाडात उतरतो आणि तिथे रक्तपुरवठा चांगला असल्याने तो बहुधा जुळून येतो. दुसरा प्रकार बुडाचा. तोच सर्वांत जास्त आढळतो आणि जुळायला सर्वांत अवघडही तोच, कारण तिथे हाडाचा छेद लहान असतो, आतले जाळीदार हाड कमी असते आणि वरचा तुकडा सांध्यांच्या मधोमध अधांतरी राहतो. पन्नाशीनंतर, किंवा तुकडा पाच मिलिमीटरहून अधिक सरकला असेल तर, तो न जुळण्याचा धोका बराच वाढतो. वृद्धांमध्ये मानेच्या मोडांत दाताचा मोडच आघाडीवर असतो, आणि त्यासाठी उंचावरून पडावे लागत नाही. उभ्या उंचीवरून, म्हणजे मोरीत, उंबऱ्याला अडखळून किंवा रात्री अंथरुणातून उठताना पडणे पुरेसे होते.

असा मोड ओळखला गेला नाही तर पुढे काय होते, हेही सांगायला हवे. तुकडा प्रत्येक हालचालीत थोडा थोडा पुढेमागे होत राहतो आणि काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, मज्जारज्जूवर दाब येऊ लागतो. सदऱ्याची बटणे लावताना बोटे चाचपडतात, पायातून चप्पल निसटते आणि निसटल्याचे कळत नाही, अंधारात तोल जातो. हे सगळे ‘वयामुळे’ म्हणून घरात स्वीकारले जाते. त्या जुन्या पडण्याची आठवणही तोवर कोणाला उरलेली नसते.

नुसते चालता येणे हा मणका शाबूत असल्याचा पुरावा मानावा असे जगातला कोणताही तपासणीचा नियम सांगत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेला ‘नेक्सस’ हा अमेरिकी अभ्यास ३४ हजारांहून अधिक रुग्णांवर झाला. त्याच्या निकषांनुसार मानेचे एक्स-रे छायाचित्र टाळायचे असेल तर पाच गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात : मानेच्या मधोमध दाबून दुखत नाही, माणूस नशेत नाही, पूर्ण शुद्धीवर आहे, हातापायांत कमजोरी किंवा बधिरपणा नाही, आणि लक्ष वेधून घेणारी दुसरी वेदनादायक इजा नाही. २००१ साली कॅनडात तयार झालेला नियम वयाच्या बाबतीत याहून कडक आहे : पडल्यानंतर मान दुखत असेल आणि वय ६५ किंवा त्याहून अधिक असेल, तर बाकी काही न पाहता छायाचित्र काढावे. आजींचे वय पाहता पहिल्याच दिवशी त्यांची तपासणी व्हायला हवी होती, आणि ती झाली नाही याला घरच्यांचा निष्काळजीपणा जबाबदार नव्हता. त्या चालत होत्या, आणि चालणाऱ्या माणसाची मान मोडलेली नसते असे सर्वांना प्रामाणिकपणे वाटत होते.

एक्स-रेच्या दाव्याला मी फार जागा देत नाही. समोरून काढलेल्या नेहमीच्या एक्स-रेत हा दात जबडा आणि तोंडातल्या दातांच्या सावलीआड दडतो. म्हणून तोंड उघडे ठेवून वेगळा एक्स-रे घ्यावा लागतो, आणि दुखणाऱ्या माणसाला ते पुरेसे उघडता येत नाही. वृद्धांच्या झिजलेल्या, विरळ हाडात बारीक मोड तरीही निसटतो. संशय असेल तर सीटी स्कॅन करावा, आणि अस्थिबंधाची किंवा मज्जारज्जूची शंका असेल तर एमआरआय. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ याचा अर्थ ‘त्या एक्स-रेत काही दिसले नाही’ इतकाच घ्यावा.

आता झटक्याचा दावा, जो ऐकायला सर्वांत निरुपद्रवी वाटतो. केस कापून झाल्यावर डोके दोन्ही हातांत धरून डावीकडे-उजवीकडे ‘कट्’ करणे ही आपल्याकडे इतकी रुळलेली गोष्ट आहे, की ती नाकारणारा माणूसच विचित्र ठरतो. त्या आवाजाने बरे वाटते, हे मी नाकारत नाही. सांध्याभोवतीचे स्नायू क्षणभर सैलावतात. पण तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकाएकी कमी झाला की त्यात वायूची पोकळी तयार होते; कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली बोटे मोडताना एमआरआयने हे प्रत्यक्ष टिपले. त्याच सांध्यातून पुढची सुमारे वीस मिनिटे पुन्हा आवाज निघत नाही, आणि नंतर पुन्हा निघतो. मणका खरोखर जागेवर बसला असता, तर तो रोज संध्याकाळी नव्याने बसवावा लागला नसता.

या दोन मणक्यांच्या बाजूने मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या वर जातात. मानेच्या सहाव्या मणक्यापासून त्या प्रत्येक मणक्याच्या बाजूच्या छिद्रातून सरळ चढतात, पण दुसऱ्या मणक्याशी आल्यावर बाहेर वळतात आणि ॲटलासभोवती वळसा घेऊन कवटीत शिरतात. डोके उजवीकडे जोराने फिरवले की डाव्या बाजूची धमनी नेमकी या दोन मणक्यांमध्ये ताणली जाते. क्वचित तिच्या आतल्या अस्तराला चीर पडते, तिथे गुठळी धरते आणि ती मेंदूत जाऊन अडकते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली या प्रश्नाचा आढावा घेतला, तेव्हा झटक्याचे उपचार आणि धमनी चिरणे यांचा संबंध आकडेवारीत दिसतो, पण झटका हेच कारण हे पूर्ण सिद्ध झालेले नाही, अशी संयत भूमिका घेतली. कारण चिरलेल्या धमनीनेच मान दुखू लागते आणि तेच दुखणे घेऊन माणूस झटका घ्यायला जातो, असेही घडू शकते. मी हा युक्तिवाद मान्य करतो. पण त्यातून निघणारा निष्कर्ष झटक्याच्या बाजूचा नाही : ज्या मानदुखीच्या मागे आधीच फाटलेली धमनी असू शकते, ती मान पिळणे कोणत्याही परिस्थितीत योग्य ठरत नाही. मानेच्या झटक्यानंतर एकाएकी तीव्र दुखणे, तोल जाणे, दोन-दोन दिसणे, बोलणे अडखळणे किंवा उलट्या सुरू झाल्या, तर त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात जावे.

‘मणका सरकला’ हा शब्दप्रयोग इतका सैल वापरला जातो, की जेव्हा तो खरोखर सरकतो तेव्हा कोणी गांभीर्याने घेत नाही. संधिवाताचा एक प्रकार, ज्याला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, तो फक्त बोटांचे सांधे वाकडे करत नाही. दाताभोवतीही सांध्याचे अस्तर असते, ते सुजते आणि मागचा आडवा अस्थिबंध कुरतडला जाऊन सैल होतो. प्रौढ माणसात ॲटलासची कमान आणि दात यांच्यातले अंतर तीन मिलिमीटरपर्यंत असावे. या रुग्णांत ते वाढत जाते आणि मान पुढे वाकवली की ॲटलास पुढे घसरतो. म्हणूनच अशा रुग्णाला भूल देण्याआधी भूलतज्ज्ञ मानेचे वाकवून आणि ताठ करून एक्स-रे मागतात. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये अस्थिबंध जन्मतःच सैल असतात. काही लहान मुलांत घशाचा किंवा टॉन्सिलचा जंतुसंसर्ग झाल्यावर मान एका बाजूला वाकडी होऊन तशीच अडकते; फ्रेंच डॉक्टर ग्रिसेल यांनी १९३० मध्ये वर्णन केलेल्या या आजारात ॲटलास खरोखर फिरून अडकलेला असतो आणि त्यावर प्रतिजैविके, विश्रांती आणि सावकाश ताण हा उपाय आहे. आपल्या देशात या जोडाचा क्षयरोगही होतो : रात्री वाढणारे दुखणे, बारीक ताप, घटणारे वजन आणि डोके हातांनी धरण्याची तीच मघाची खूण. यांतल्या एकाही माणसाच्या मानेला झटका सोसणार नाही, आणि झटका देणाऱ्याला हे बाहेरून ओळखता येत नाही. न्हावीकाका असोत, मालीशवाले असोत की हाडवैद्य, त्यांच्या हाताच्या कसबावर माझा आक्षेप नाही. पण हात फक्त स्नायू चाचपू शकतो. दाताच्या मागचा अस्थिबंध शाबूत आहे की नाही, हे हाताला कळत नाही.

चक्कर आणि डोकेदुखी या मणक्यावर ढकलण्याविषयी थोडे. डोक्याच्या मागून निघून टाळूपर्यंत जाणारी नस मानेतल्या याच दुसऱ्या पातळीवरून येते, त्यामुळे इथल्या सांध्यांच्या दुखण्याने डोके मागून दुखू शकते. संदेशातला एवढा भाग बरोबर आहे. चकरेचे तसे नाही. अंथरुणात कूस बदलताना किंवा वर पाहताना काही सेकंद सगळे गरगर फिरते, त्याचे नेहमीचे कारण आतल्या कानातले सूक्ष्म खडे जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नळीत गेलेले असणे हे आहे. त्यावर डोक्याच्या ठरावीक स्थितींचा सोपा उपचार असतो आणि त्यात मानेला झटका द्यावा लागत नाही. कित्येक माणसे या एका चकरेसाठी महिनोन्‌महिने गळ्यात पट्टा घालून फिरतात, याचे मला वाईट वाटते.

राहिला ऑपरेशनचा दावा. हा लिहिणाऱ्याला माहीत नसावे, पण या जोडाच्या शस्त्रक्रियेत जगाने जी पद्धत उचलली तिचा एक मोठा टप्पा मुंबईत घडलेला आहे. पूर्वी हे दोन मणके मागून तारेने बांधत. १९३९ मध्ये गॅली यांनी सांगितलेली ती पद्धत साधी होती, पण तारेने फिरण्याची हालचाल नीट रोखली जात नसे आणि रुग्णाला महिनोन्‌महिने बाहेरून मान जखडून ठेवावी लागे. १९८० च्या दशकात मागेर्ल यांनी दोन्ही मणक्यांतून आरपार स्क्रू घालण्याची रीत आणली. ती भक्कम होती, पण स्क्रूच्या वाटेत धमनी येण्याची भीती असे. परळच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हा काम करणारे डॉ. अतुल गोयल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४ साली वेगळी पद्धत प्रसिद्ध केली : पहिल्या मणक्याच्या बाजूच्या जाड भागात एक आणि दुसऱ्या मणक्यात एक, असे स्वतंत्र स्क्रू बसवून ते पट्टीने जोडायचे आणि सांधा उघडून त्यात हाड भरायचे. २००१ मध्ये जर्मनीचे हार्म्स यांनी पट्टीच्या जागी दांडी आणि फिरत्या डोक्याचे स्क्रू वापरले, आणि आज ती पद्धत दोघांच्या नावांनी ओळखली जाते.

शस्त्रक्रियेत धोका नाही असे मी म्हणत नाही. धमनी जवळ आहे, मज्जारज्जू जवळ आहे, आणि शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅनवर धमनीचा मार्ग तपासणे अनिवार्य आहे. पण ‘हमखास लकवा’ हे विधान वस्तुस्थितीच्या उलट आहे, कारण मज्जारज्जूवर येऊ घातलेला दाब रोखण्यासाठीच ती करतात. शिवाय प्रत्येक मोडाला शस्त्रक्रिया लागतही नाही. फाशीगराचा मोड फारसा सरकलेला नसेल तर घट्ट कॉलरमध्ये बहुधा जुळतो. तरुण माणसाच्या दाताचा मोड कधी पुढून एकच स्क्रू घालून जोडता येतो आणि मान फिरण्याची क्षमता टिकते. अतिवृद्ध माणसात निर्णय अवघड असतो : डोक्याला कडे बसवून छातीशी जखडणे त्यांना सोसत नाही, न्यूमोनियाचा धोका वाढतो; शस्त्रक्रियेचाही भार असतो. अशा वेळी कॉलर देऊन तुकडा हाडाने नाही तरी घट्ट तंतूंनी धरला जाईल, यावर समाधान मानणे योग्य ठरू शकते.

आजींच्या बाबतीत आम्ही तेच केले. तुकडा सरकलेला नव्हता. तीन महिने त्यांनी घट्ट कॉलर घातली. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या मऊ स्पंजच्या पट्ट्याने हे काम झाले नसते, कारण तो मान रोखत नाही, फक्त आठवण करून देतो. शेवटच्या एक्स-रेत मान वाकवून आणि ताठ करून पाहिली, तेव्हा तुकडा जागचा हलला नाही. मोडाची रेघ मात्र अजून दिसते, आणि म्हणून मी त्यांना दर सहा महिन्यांनी बोलावतो, बटणे लावायला सांगतो, आणि चप्पल पायातून निसटते का, हे विचारतो.

आसपास कोणी पडले, रस्त्यावर दुचाकीवरून फेकले गेले, कपाळाला खोक पडली आणि मान दुखते म्हणाले, तर त्यांना बसवू नये, पाणी पाजण्यासाठी डोके उचलू नये, मान सरळ करण्यासाठी ओढू नये. डोके ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत दोन्ही बाजूंनी हातांनी स्थिर धरावे, श्वास अडत नसेल तर हेल्मेट काढायची घाई करू नये, आणि १०८ क्रमांकावर फोन लावून रुग्णवाहिका येईपर्यंत ते हात सोडू नयेत, मग तो माणूस ‘मला काही झालेले नाही, मी चालतो’ असे कितीही म्हणो.